टाकायचं नाही हं!

आमच्या सासूबाईंच्या मते ब्रेड हा खाण्याचा पदार्थ नसून उपचाराचा भाग आहे. ताप आला, पोट बिघडलं, कुणी दवाखान्यात ॲडमिट झालं, की दुधात बुडवून दोन स्लाइस. पेशंट हिंडूफिरू लागला की परत पोळी-भाजी. तो ब्रेडही पांढराच लागतो. मध्यंतरी मी ब्राउन ब्रेड आणला, तर त्यांनी चष्मा लावून पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून काढलं. पहिला मैदा, पुढे साखर, आणि रंगासाठी कॅरमल. "म्हणजे मैदाच की गं," त्या म्हणाल्या, "नुसता उन्हात उभा केलेला."

मी मात्र बेकरीच्या वासावर वाढले. माझं माहेर ठाण्यातल्या चरईतलं, गल्लीच्या तोंडाशीच बेकरी. संध्याकाळी गरम लादी निघायची वेळ सगळ्या गल्लीला पाठ. बेकरीवाले चाचा लादी हाताने तोडायचे, तेव्हा पावाच्या फाटलेल्या पांढऱ्या बाजूंमधून वाफ यायची. मग ती अर्धी लादी वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याचे दोन वेढे मारून हातात. घरी पोचेपर्यंत कागद दमट व्हायचा आणि पावाच्या बुडाला उलट्या अक्षरांतला मथळा उमटायचा. तो आम्ही आधी लावून वाचायचो आणि मग खायचो. छापील शाई पोटात जाणं वाईट, हे नंतर कळलं. तोवर अर्धं राजकारण पचवून झालं होतं.

नवऱ्याला ही लादी चालत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ज्या घरांत सावरडो, म्हणजे घरच्या आंबवणाने फुगवायचा ब्रेड, शिरला, त्यातल्या बहुतेक घरांतून तो लॉकडाउनबरोबरच निघूनही गेला. आमच्याकडे राहिला. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, काचेच्या बरणीत. कणीक आणि पाणी कालवून ठेवलं की पिठातलंच रानटी यीस्ट आणि दह्यातल्यासारखे जिवाणू त्यात वस्तीला येतात, बुडबुडे धरतात, आणि पुढे त्यांना नियमाने खाऊ घालावं लागतं. नवरा ऑफिसातून फोन करून आधी बरणीची चौकशी करतो, मग आईची. माझा नंबर लागलाच तर शेवटी.

खरी भानगड या खाऊ घालण्यातच आहे. ताजं पीठ घालण्याआधी बरणीतलं अर्ध्याहून जास्त काढून टाकायचं, असं सगळ्या पाककृती सांगतात. नाहीतर बरणी आठवडाभरात बादली होईल. पाककृती लिहिणाऱ्यांच्या घरात बहुधा सासूबाई नसतात. पहिल्यांदा नवऱ्याने तो गोळा सिंकमध्ये ओतायला घेतला, तेव्हा आतल्या खोलीत जपमाळ ओढणाऱ्या आमच्या सासूबाईंना तो नुसत्या आवाजावरून कळला. "टाकायचं नाही हं! कणीक आहे ती!"

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात धिरड्यांचं राज्य आलं. त्या आंबट पिठात बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी. दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ मिसळून थालीपीठ. मग तांदळाचं पीठ घालून आंबोळ्या. काकडी किसून घातली, भोपळा घातला, एकदा तर उरलेलं पालेभाजीचं गरगटंसुद्धा. ब्रेड आठवड्यातून एकदा, तोही झाला तर. धिरडं मात्र रोज. मुलाने डबा न उघडताच परत आणला. शेजारच्या काकूंना पोचतं केलं, तेव्हा त्यांनी रिकामी ताटली परत करताना, "पुरे आता," असं डोळ्यांनी सांगितलं. आणि सांगायला वाईट वाटतं, पण ती धिरडी अप्रतिम होतात. जाळीदार, कडेला कुरकुरीत, किंचित आंबट. सासूबाई पहिलं धिरडं नवऱ्याच्या ताटात टाकतात आणि काहीही बोलत नाहीत. ते न बोलणं फार बोचतं त्याला.

कारण ब्रेडचं गाडं काही चालत नव्हतं. पाककृती सगळ्या थंड देशांतल्या. त्यांचं 'रूम टेम्परेचर' एकवीस-बावीस अंश. ठाण्यात मे महिन्यात तेवढं फक्त मॉलमध्ये असतं. रात्रभर ठेवायला सांगितलेला गोळा आमच्याकडे पहाटे तीनला फुगून भांड्याबाहेर डोकावतो, आणि सकाळपर्यंत दमून खाली बसतो. नवरा मग गजर लावून उठायला लागला. मुलं तान्ही असताना त्याला गजरही ऐकू यायचा नाही, हे सहज आठवलं म्हणून सांगितलं. त्यात आपली चक्कीची कणीक. दगडाखाली बारीक दळताना तिच्यातल्या स्टार्चचे कण फुटतात, त्यामुळे ती मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. पोळी त्यानेच मऊ राहते. पण कोंडा गोळ्याचा ताण तोडतो आणि नुसत्या कणकेचा लोफ उंच होण्याऐवजी आडवा पसरतो. शरबती गव्हाने आजवर कुणाला निराश केलं नव्हतं, त्याला आमच्या ओव्हनमध्ये हा दिवस बघावा लागला.

मग अभ्यास म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका झकपक बेकरीत जाणं आलं. मेट्रोच्या खांबांखालून कापूरबावडीचा सिग्नल पार करून तिथे पोचेपर्यंत माझी भूक मरून परत जन्मली होती. आत पिवळे दिवे, पाट्यांवर खडूने लिहिलेली नावं, आणि साडेतीनशे रुपयांचा एक लोफ. तेवढ्यात लाद्यांवर लाद्या येतात, हा हिशोब मी मनातच केला. तरी तो नवऱ्याला ऐकू गेला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, स्लाइस करून देऊ?" नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने देवळात चपला घालून यायची परवानगी मागितली असावी. लोफ आम्ही अखंड आणला आणि घरी आल्यावर तो नारळ फोडायच्या कोयत्याने कापला.

चव? चांगली होती. खोटं कशाला बोलू. लोणी लावून खाल्ला तर फारच चांगली. पण नवऱ्याला तेवढ्यावर थांबवेना. त्याने मामलेदारची मिसळ पार्सल आणली आणि पावाऐवजी हे तुकडे ताटात ठेवले. आता, मिसळीला पाव लागतो तो रस्सा प्यायला. लादीचा पाव तर्री शोषून मुकाट्याने लाल होतो. या लोफला आरपार एवढी मोठी भोकं, की तर्री वरून घातली ती खालून माझ्या ड्रेसवर. आणि ती कडक कड चावताना टाळूला असा ओरखडा गेला, की त्यावर मिसळीचं तिखट बसल्यावर मला चरईच्या चाचांची आठवण येऊन रडूच आलं.

सासूबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि आपल्या आजीची गोष्ट काढली. वसई भागात विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली म्हणे पोर्तुगीजांनी. त्यामुळे आजीच्या चुलीपाशी पाव कधी आला नाही. नवऱ्याला इतिहास चढला. त्याने १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, ठाण्याच्या त्या किल्ल्यात आता तुरुंग आहे, इथपर्यंत मजल मारली. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "एवढं सगळं परत मिळवलं," त्या म्हणाल्या, "आणि पाव तेवढा घरात घेतला होय रे?"

उरलेला लोफ त्यांनी जपून फ्रिजमध्ये ठेवला. ब्रेड थंडीत लवकर शिळा पडतो, फ्रिजमध्ये तर सगळ्यात लवकर, हे नवरा त्यांना पटवत राहिला, पण त्यांच्या लेखी फ्रिजमध्ये ठेवलेली वस्तू शिळी होऊच शकत नाही. दोन दिवसांनी काढला तर दारात अडकवायच्या लायकीचा झाला होता. दारं आपटतात आमच्याकडे पावसाळ्यात.

टाकायची तर सोय नाहीच. त्यात त्या रविवारचा घरचा आडवा लोफही होता. दोन्ही पिशवीत घालून मी माहेरच्या बेकरीत नेले. चाचांचा मुलगा बसतो आता. त्याने घरच्या लोफच्या बुडाला बोटाने टकटक करून आवाज ऐकला. "कच्चा नहीं है, भाभी," तो म्हणाला. "बस, मेहनत ज़्यादा लग गई." किती वेळ लागला, असं त्याने विचारलं. दोन दिवस, असं मी सांगितलं. तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, याचे टोस्ट करू. मशीनवर पातळ कापून त्याने ते ट्रेमध्ये मांडले आणि काम संपल्यावर उतरत्या भट्टीत रात्रभर सोडून दिले.

सकाळी ते टोस्ट घरी आले. सासूबाईंनी एक चहात बुडवला, जरा थांबून बाहेर काढला. तुटून कपात पडला नाही. हे त्यांच्या दृष्टीने फार मोठं. दुसरा घेतला, मग तिसरा. नवरा दाराआडून बघत होता.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "त्याला सांग, पुढच्या वेळी थेट टोस्टच कर म्हणावं. मधला तो ब्रेड कशाला हवाय?"