शिकाऊ मुलांना एक तरी काम आख्खं करू द्या

इंटर्नशिपला आलेल्या मुलामुलींसोबत मी बरीच वर्षं काम करतेय, आणि माझं एक मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. पदवीचा अभ्यास चालू असताना काही महिने कामाच्या ठिकाणी काढायला आलेल्या विद्यार्थ्याला, लहान का होईना, एक आख्खं काम मिळालं पाहिजे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचं स्वतःचं.

आख्खं म्हणजे काय? काम कोणाला हवंय आणि कशासाठी, हे त्याच माणसाच्या तोंडून ऐकायचं. माहिती कुठे मिळेल ते शोधायचं. काम करायचं, दाखवायचं, चुका निघतील त्या दुरुस्त करायच्या, सोपवायचं. आणि सोपवल्यावर त्याचं पुढे काय झालं ते बघायचं. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी गळते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिक्षण तिथेच असतं. महिनाभर खपून केलेल्या रिपोर्टमधलं एकच पान वाचलं गेलं आणि त्या पानावरच निर्णय झाला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली मुलगी पुढचा रिपोर्ट वेगळाच लिहिते. तिला लेखनाचे नियम शिकवायला बसावं लागत नाही.

कॉलेजात प्रश्न आपल्यापर्यंत येतो तो मापात कापूनच. लागणारी माहिती दिलेली असते, उत्तर आहे याची खात्री असते, आणि तपासणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं. यात वाईट काही नाही, पाया असाच घालावा लागतो. पण कामावर आल्यावर हातात पडतं ते एवढंच: "तक्रारी का वाढल्यात, जरा बघ ना." कुठल्या तक्रारी, कधीपासून, त्यांची नोंद कोणाकडे, किती खोलात जायचं, कधीपर्यंत द्यायचं? हे सगळं स्वतः ठरवायचं, नाहीतर कोणाला तरी विचारायचं. चांगले मार्क मिळवणारी मुलं इथे अडतात आणि आपल्याला काही येतच नाही असं मनाला लावून घेतात. येत असतं हो! प्रश्न मांडायचं काम आजवर त्यांच्या वाट्याला आलेलं नसतं, इतकंच.

आणि नेमकं हेच शिकायची वेळ येते तेव्हा आपण त्यांना तुकडे देतो. एक्सेलमधले रकाने भर, फाइल्स स्कॅन कर, मीटिंगला मागे बसून ऐक. असलं काम आपण सगळेच करतो, त्यात कमीपणा नाही. पण पूर्ण काळ त्यातच गेला तर मुलगी परत जाते ती एक प्रमाणपत्र आणि "नोकरी म्हणजे हेच" असा समज घेऊन. हा समज मला फार लागतो, कारण तो खोटा आहे.

विचारण्याचंच घ्या. नवीन मुलं एक तर पाच मिनिटांत विचारायला येतात, नाहीतर दोन दिवस गप्प बसून राहतात. मी पहिल्याच दिवशी सांगते, अर्धा तास स्वतः झगड, मग ये, आणि येताना काय काय करून पाहिलंस ते सांग. एवढ्यानं खूप फरक पडतो. विचारणाऱ्याची भीती जाते आणि सांगणाऱ्याचा वेळही वाचतो.

अभ्यासाच्या मधेमधे विद्यार्थ्याला कामावर पाठवायची ही पद्धत काही आजची नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांपासून ती सुरू केली. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. जोडीतला एक वर्गात असेल त्या आठवड्यात दुसरा कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये सुरू झालं ते याच धर्तीवर, तिथे अभ्यास आणि काम चार-चार महिन्यांच्या सत्रांत आलटूनपालटून चालतं. ब्रिटनमध्ये अनेक अभ्यासक्रमांत दुसऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या मधे पूर्ण एक वर्ष कामाचं असतं.

या तिन्हींत विद्यार्थी कामावरून वर्गात परत येतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. कंटाळून शिकलेलं संख्याशास्त्र त्याला आता वेगळं दिसतं, कारण नमुना चुकीचा घेतला की काय होतं ते त्यानं भोगलेलं असतं. शिक्षकांनाही वर्गात खरे प्रश्न मिळतात. म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे, कामावर काढायचे हे महिने अगदी शेवटच्या सत्रात ढकलू नका. तिथून आलेल्या प्रश्नांना परतायला वर्गच उरत नाही.

आता पैशांचं. बिनपगारी इंटर्नशिप मला मान्य नाही. राहण्याखाण्याचा खर्च ज्यांना घरून मिळतो तेच काही महिने फुकट काम करू शकतात, बाकीच्यांच्या हातून संधी निसटते. फ्रान्समध्ये दोन महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या इंटर्नशिपला मोबदला देणं कायद्यानं बंधनकारक आहे. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्यामागे संस्थेतला एक मार्गदर्शक आणि विद्यापीठातला एक शिक्षक नेमावा लागतो, आणि एका मार्गदर्शकाकडे एका वेळी तीनच विद्यार्थी देता येतात. तीनची ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. शिकवायला वेळ लागतो आणि तो कोणाच्या तरी कामाच्या तासांतूनच काढावा लागतो. मार्गदर्शकाचं स्वतःचं काम तेवढंच ठेवून वर विद्यार्थी सोपवले, तर तो त्यांना तुकडेच देणार. मी त्याला दोष देणार नाही.

विद्यार्थ्यांनो, पहिल्या आठवड्यातच विचारा, "मी एकटीनं पूर्ण करावं असं एखादं छोटं काम आहे का?" हे विचारणं आगाऊपणा नाही. बऱ्याचदा समोरच्यानं तसा विचारच केलेला नसतो. काम मिळालं की रोज चार ओळी लिहून ठेवा, काय ठरवलं आणि का ठरवलं. पुढे मुलाखतीत "तिथे काय केलंस?" असं विचारतील तेव्हा सांगायला या ओळी हाताशी असतील.

आणि ज्यांच्या ऑफिसात येत्या सत्रात मुलं येणार आहेत त्यांनी अशी चार-पाच कामं आत्तापासूनच बाजूला काढून ठेवा. जी तुम्हाला खरंच हवी आहेत, पण रोजच्या धावपळीत मागे पडलीत, अशी. मुलं दारात येऊन उभी राहिल्यावर शोधायला गेलं तर ती सापडत नाहीत.