पहिला गिअर, माणगाव

गणपतीला गाडीने गावी जायचं तर पहाटे तीनला निघायचं, हा बाबांचा सिद्धांत. 'तेव्हा ट्रॅफिक लागत नाही.' ठाणे, डोंबिवली, विरारमधल्या झाडून सगळ्या बाबांचा हाच सिद्धांत असल्यामुळे चारच्या सुमारास पळस्पे फाट्यावर आम्ही सगळे एकमेकांना भेटतो.

गाडी मी चालवतो, हा कागदोपत्री प्रकार. पुढच्या सीटवर बाबा असतात. त्यांच्या पायाखाली ब्रेक नाही, तरी ते तो दाबतात. पेणनंतर तर चप्पल काढून दाबतात. ट्रकच्या मागे राहिलो तर 'काढ की!' काढला तर 'कोण मेलंय पुढे?' मागून आई : 'हळू हाक रे, गणपती काय पळान जाणा नाय.' मुलीच्या मांडीवर मखराचा खोका आणि हातात उलटीची पिशवी, तोंड उघडून तयार. या मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम पळस्प्याहून २०११ साली सुरू झालं. मुलगी आता आठवीत आहे, म्हणजे काम तिच्यापेक्षा मोठं. ताईच म्हणायला हवं.

इंदापूर सोडलं आणि माणगावच्या अलीकडे सगळं थांबलं. चार हात पुढे, परत थांबा. हाफ क्लचवर डावा पाय असा भरून आला की तो माझाच आहे का, हे वाकून बघावंसं वाटलं. बायकोच्या मोबाइलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, आपण सर्वात जलद मार्गावर आहात. काकड्या विकणारा पोरगा आम्हाला मागे टाकून गेला, पुढच्या दहा गाड्यांना विकून परत आला आणि 'आता घेताय का?' म्हणाला. घेतल्या. शेजारच्या गाडीतल्या काकूंनी काचेतून मिठाची पुडी दिली, आईने लाडू दिले. दोघींची माहेरं एकाच तालुक्यातली निघाली. मग त्यांच्या गप्पा तुटू नयेत म्हणून मी त्या गाडीच्या बरोबरीने चालवावं, अशी मला मागून सूचना आली.

माणगाव संपलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कशेडीचा बोगदा मात्र बघता बघता मागे पडला. पिशवी वाया गेली म्हणून मुलगी खट्टू आणि घाट लागला नाही म्हणून बाबा. 'वळणं नाहीत तर कोकण कसलं!' चिपळूणला जेवलो. हातखंब्याला बाबांना झोप लागली आणि पहिल्यांदाच मला चौथा गिअर स्वतःच्या मर्जीने टाकता आला. राजापूरला ते जागे झाले आणि मी मुकाट्याने तिसऱ्यावर आलो.

कुडाळला पोचलो तेव्हा अंगणातले दिवे लागले होते. मी दरवाजा धरून, एकेक पाय हाताने उचलून बाहेर ठेवत होतो. काका खळ्यातूनच ओरडले, 'वाटेत तरास नाय मां झालो?'

बाबा कडक इस्त्रीत उतरले. 'कसलो तरास? मी फुडे होतंय मां!'