‘हरलो तर कंपनीचे’ म्हणणाऱ्या मेसेजचा हिशेब

कापसाचे चुकारे हाती येऊ लागले की आमच्या यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतल्या ग्रुपवर ऑनलाइन जुगाराच्या साइटचा एक मेसेज फिरतो: ‘साइट १००० रुपये बोनस फुकट देते. जिंकलो तर आपले, हरलो तर कंपनीचे. कंपनी जाहिरातीवर कमावते. विड्रॉल मिळते, मी स्वतः घेतले. खालच्या लिंकवरूनच खाते उघडा.’ पानठेल्यावर पोट्टे हा मेसेज एकमेकांना दाखवतात, म्हणून त्यातले एकेक वाक्य तपासून पाहू.

‘बोनस फुकट देते.’ हजार रुपये खात्यात दिसतात, पण काढता येत नाहीत. अटींत रोलओव्हर असतो, म्हणजे पैसे काढण्याआधी बोनसच्या किती पट डाव लावायचे ही अट. तो तीसपट धरा. म्हणजे ३०,००० रुपयांचे डाव लावल्याशिवाय एक रुपया बाहेर येत नाही. आता एका शून्याचे रूलेट घ्या, म्हणजे फिरत्या चाकावरच्या आकड्यांवर पैसे लावायचा जुगार. चाकावर ३७ घरे. प्रत्येक घरावर एकेक रुपया लावला तर ३७ गेले, परत आले ३६. कोणतेही घर लागो, एक रुपया मालकाचा. शेकडा २.७ झाले. ३०,००० वर सरासरी ८१० रुपये, हजारातले उरले १९०. तेही रूलेटचा डाव पूर्ण मोजला तर. अनेक साइट रोलओव्हरसाठी रूलेटचा थोडाच भाग धरतात आणि स्लॉटचा, म्हणजे चित्रे जुळली तर पैसे देणाऱ्या खेळाचा, पूर्ण. स्लॉटमध्ये मालकाचा वाटा शेकडा ५ असला तर त्याच ३०,००० वर सरासरी १५०० जायला हवेत, म्हणजे रोलओव्हर पुरा होण्याआधीच बहुतेकांचा बोनस संपतो. एखाद्याचे नशीब त्या दिवशी चालतेही. पण साइट एका माणसावर चालत नाही, हजारो खात्यांच्या सरासरीवर चालते.

परदेशात काही हिशेबी लोकांनी बोनसच्या फटीतून पैसे काढले, हे खरे आहे. म्हणूनच ‘बोनसचा गैरवापर’ हे कलम आले. त्याखाली खाते गोठवले जाते.

‘हरलो तर कंपनीचे.’ बहुतेक बोनस ‘१००० भरा, १००० मिळवा’ असाच असतो. रोलओव्हर दोन्ही रकमांवर असला तर डाव ६०,००० चे होतात, आणि आपण भरलेले हजारही त्यात अडकतात. ते कापसाचे असतात, कंपनीचे नव्हे.

‘जाहिरातीवर कमावते.’ साफ खोटे. जाहिरातीवर ती खर्च करते, आणि बोनस हा त्याच खर्चाचा भाग आहे.

‘विड्रॉल मिळते.’ सुरुवातीला मिळते, कारण त्यानेच विश्वास बसतो. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने गोंदियाच्या बुकीविरुद्ध ऑनलाइन जुगाराची तक्रार दिली. तक्रारीनुसार तो ५ कोटी जिंकला आणि ५८ कोटी हरला. व्यापाऱ्याची ही गत, तर पाच एकरवाल्याने कुठे जावे? साइट परदेशात, आणि पैसे जातात ते कुणाच्या तरी भाड्याच्या बँक खात्यात.

‘खालच्या लिंकवरूनच.’ सगळ्यात महत्त्वाचे वाक्य हेच, आणि त्याकडेच कोणी पाहत नाही. त्या लिंकमध्ये पाठवणाऱ्याचा कोड असतो. या धंद्यात एजंटला नव्या खात्यामागे ठरावीक रक्कम मिळते, किंवा त्या खात्यातून साइटला होणाऱ्या कमाईचा, म्हणजेच तुमच्या तोट्याचा, टक्का मिळतो. तुम्ही जितके हराल तितके त्याचे कमिशन. ज्याला आपण भाऊ, दादा म्हणतो, ज्याच्या शब्दावर बियाणे निवडतो, त्याच माणसाला साइट एजंट करते, कारण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून गावात कोणी पैसे भरत नाही. मला राग येतो तो या गोष्टीचा.

हे नुसते नीतीचेही नाही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मात्र खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जाहिरातीला मदत करणाराही त्यात येतो.

ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत त्यांनी लाज न धरता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. आणि लिंक पाठवणाऱ्या भावाला एवढेच म्हणावे: तुझे विड्रॉल नको, तुझ्या एजंट खात्यातले कमिशनचे पान दाखव.