टोकदार टोपीचा दोष कुणाचा? अमळनेरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. आधी हसले, मग वही-पेन्सिल घेऊन बसले. "तुमनी टोपीनी मनं डोकं फिरायी दिधं" या वाक्याला दाद द्यायलाच हवी. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: ताईंनी माझ्या कृतीवरून सासऱ्यांसाठी (आबांसाठी) रिबची, म्हणजे उभ्या उठावदार रेघांची, टोपी क्रोशावर विणायला घेतली आणि तीनदा उसवली. त्यांच्या तक्रारी चार. टोपीचं टोक वाढदिवसाच्या टोपीसारखं वर येतं. आखूड ओळी (शॉर्ट रो, म्हणजे शेंड्याआधीच माघारी फिरणाऱ्या) वळवल्या तिथे भोकं पडतात. 'दोन संध्याकाळीत होते' हे मी लिहिलेलं सपशेल खोटं. आणि ओळ मध्येच टाकून माघारी फिरणं हा आळशीपणा, त्यापेक्षा आईने शिकवलेली, शेंड्यापासून गोल विणायची टोपी बरी.

पहिली आणि तिसरी तक्रार मान्य. दुसरी निम्मी. चौथीवर मात्र मी भांडणार.

टोकाचं बघू. या टोपीत ओळी काठाकडून शेंड्याकडे जातात. मी लिहिलं होतं: ३६ साखळ्या घ्या, सगळे मुके खांब (सिंगल क्रोशे, म्हणजे बुटके टाके) मागच्या धाग्यात (टाक्याच्या वरच्या दोन धाग्यांपैकी पलीकडच्या) घाला, आणि शेंड्याकडे दर खेपेला ४ टाके सोडत २४ वर या. म्हणजे ३६, ३२, २८, २४ अशा चार जाऊन-येऊन ओळी, एकूण ८ ओळींची एक कळी. अशा १० कळ्या. माझी लोकर जाड, १० सेंटिमीटरमध्ये १६ टाके बसणारी. तुमची बारीक, तुम्हीच लिहिलंय की १० सेंटिमीटरला २२ टाके. उंची कमी पडेल म्हणून तुम्ही शहाणपणाने ४८ साखळ्या घेतल्यात, पण 'चार-चार सोडत २४ वर या' हे माझं वाक्य तसंच पाळलंत. त्यामुळे चारच्या जागी सात पायऱ्या झाल्या.

आता फूटपट्टी लावा. माझ्या टोपीत निमुळता भाग १२ टाक्यांचा, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. तुमच्यात २४ टाक्यांचा, जवळजवळ ११ सेंटिमीटर. टोपीचा घेर ५० धरला तर त्याला सव्वासहाने (२ × π) भागून ८ येतात. वरचा भाग सपाट ताटलीसारखा बसायला काठापासून मधल्या बिंदूपर्यंत एवढंच अंतर लागतं. डोक्याच्या गोलाईसाठी थोडं इकडेतिकडे चालतं, लोकर ताणून घेते. पण ८ च्या जागी ११ सेंटिमीटर सरळ निमुळतं नेलं की शंकूच होणार. त्यात तुमच्या १४ ओळींपैकी फक्त २ शेंड्यापर्यंत पोचतात, म्हणून टोक आणखी धारदार. तुमचा हात चुकला नाही. मी टाके सांगितले, सेंटिमीटर सांगितले नाहीत, ही माझी चूक.

तुमच्या लोकरीसाठी असं करा. निमुळता भाग १८ टाक्यांचा ठेवा आणि दर खेपेला ६ सोडा: ४८, ४२, ३६, ३०. कळी पुन्हा ८ ओळींचीच. तुमच्याकडे १० सेंटिमीटरमध्ये ओळीही साधारण २२ बसत असतील तर १४ कळ्या, म्हणजे ११२ ओळी, घेर ५१ च्या आसपास. आबांचं डोकं ५६ असेल तर टोपी ५० ते ५१ च हवी. रिब ताणली जाते. डोक्याएवढी विणली तर आठवडाभरात डोळ्यांवर येते.

याच हिशोबात तिसऱ्या तक्रारीचं उत्तर आहे. माझ्या टोपीत एकूण २४०० टाके. तुमच्या नव्या हिशोबाने ४३६८. माझ्या दोन संध्याकाळी तुमच्या चार होणारच, शिवाय मी टीव्हीसमोर विणते आणि माझ्याकडे रात्रीच्या भाकरी सासूबाई करतात. हे लिहायला हवं होतं.

भोकांचं. मुक्या खांबालाही थोडी उंची असते, आणि आखूड ओळीच्या शेवटी ती उंची पायरीसारखी उभी राहते. पायरी उतरती करायची. वळायच्या आधीचा शेवटचा टाका मुका खांब न घालता स्लिप स्टिच (धागा नुसता ओढून घेतलेला, जवळजवळ उंची नसलेला टाका) घाला. तुमची ओळ ४२ वर संपते तर ४१ मुके खांब आणि ४२ वी स्लिप स्टिच. साखळी न घेता वळा, येताना ती स्लिप स्टिच सोडून द्या. पुढच्या कळीची पूर्ण ओळ वर जाईल तेव्हा मात्र त्या स्लिप स्टिचच्याही मागच्या धाग्यात, धागा जरा खेचून, मुका खांब घाला. टाके ४८ च भरतात. कृतीत मी स्लिप स्टिच लिहिली होती, येताना सोडायची हे लिहिलं नव्हतं. म्हणून निम्मी मान्य.

आता भांडण. तुमच्याकडे शेत आहे, म्हणून विचारते. बांध तिरपा गेलेल्या तुकड्यात पेरणी करताना सगळे तास सारखे येतात का? एका अंगाला ते आखूड होत जातात, बैल मध्येच वळवावे लागतात. त्याला कुणी आळशीपणा म्हणत नाही, जमिनीचा आकारच तसा असतो. शॉर्ट रो म्हणजे हेच. खाली घेर जास्त आणि वर कमी, म्हणून वर कमी ओळी पोचवायच्या. सगळ्या ओळी पूर्ण विणून नुसता चौकोन केला आणि शेंड्याला दोरा ओवून आवळला तर टोपीचा बटवा होतो. वर चुण्यांची ही गाठ. मी पहिली टोपी तशीच केली होती. भाऊ ती घालून भरीत पार्टीला गेला, आणि रात्रभर सगळे त्याला "सुपारी आहे का?" विचारत होते.

आईची गोल टोपी वाईट नाही, माझ्याही दोन आहेत. पण गोल विणताना मागच्या धाग्यात टाके घातले की रेघा डोक्याभोवती आडव्या फिरतात, आणि ती वीण वर-खाली ताणते, घेरात नाही. आपल्या टोपीत ओळी काठाकडून शेंड्याकडे जातात, रेघा उभ्या येतात, ताण घेरात मिळतो, म्हणून कान झाकून घट्ट बसते. आबा रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जातात असं तुम्ही लिहिलंय. धुळ्या-जळगावकडे मेमध्ये टोपीचं नाव काढलं तर लोक हसतील, पण पौषात ओल्या वाफ्यात रात्री दोन वाजता उभं राहिलं की कानाला काय लागतं ते त्यांना विचारा. सैल गोल टोपी वाकलं की पुढे येते, मग वरून मफलर बांधावा लागतो.

जोडणीत तुम्हाला काही अडलं नाही, म्हणून लांबवत नाही. एवढंच बघा की पहिली साखळी सैल हवी, नाहीतर त्या जागी टोपी ताणली जात नाही.

आणि चौथ्यांदा विणण्याआधी उसवलेली लोकर तशीच वापरू नका. तीनदा विणून ती कुरळी झाली असेल, टाके लहानमोठे येतील. लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून न पिळता सावलीत वाळत टाका. मग आधी दोनच कळ्या विणा, जमिनीवर पसरून निमुळत्या भागाला फूटपट्टी लावा. ८ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर पुढे जा. साडेनऊच्या वर गेलं तर थांबा आणि मला फोटो पाठवा, त्या रात्री मी जागी राहीन.