फोडायचं सोडून ढकलताय कसलं?

काल रात्री साडेबारापर्यंत जागा होतो. सकाळी 6.40ची लोकल असूनही. युरोपातली नाइन-बॉलची, म्हणजे पूलच्या एका प्रकाराची, मॅच आपल्याकडे अशाच आडवेळेला दिसते, त्याला इलाज नाही. शेजारी पुतण्याला बसवलं होतं, अकरावीत आहे. आठवडाभर त्याच्या मागे लागलो होतो की एकदा बघ, स्नूकरसारखं रेंगाळत नाही, पहिल्याच फटक्याला टेबल हादरतं. खेळाडू आला. पांढरा बॉल बाजूच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, जवळजवळ चिकटवून ठेवला, वाकला आणि टक्. संपलं. रॅकच्या, म्हणजे रचलेल्या बॉलांच्या, बाजूच्या टोकाचा एक बॉल सावकाश गडगडत कोपऱ्यातल्या पॉकेटात पडला, पांढरा टेबलाच्या मध्यावर येऊन थांबला, बाकीचे बॉल होते तिथेच वीतभर इकडेतिकडे सरकले.

पुतण्या म्हणाला, "काका, हा अजून प्रॅक्टिसच करतोय का?"

काय उत्तर देणार? पुढच्या रॅकला, म्हणजे पुढच्या डावाला, तेच. त्याच्या पुढच्या रॅकलाही तेच. तीच जागा, तोच वेग, तोच बॉल, तेच पॉकेट. चौथ्या रॅकला पोरगं मोबाइलमध्ये शिरलं, सहाव्याला उठून झोपायला गेलं. मी त्याला थांबवलं नाही, कारण थांबवायला माझ्याकडे कारणच नव्हतं.

या सॉफ्ट ब्रेकचा, म्हणजे हळूच ढकलून केलेल्या पहिल्या फटक्याचा, मला संताप येतो. आजचा नाही, कित्येक वर्षांचा.

नाइन-बॉलमध्ये नऊ बॉल पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात लावतात, 1 नंबर पुढच्या टोकाला, 9 नंबर मधोमध. दर वेळी टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी लागलं पाहिजे आणि नियमात राहून जो 9 घालेल त्याचा रॅक. आता ही जी वरच्या फळीतली माणसं आहेत ना, त्यांना मोकळं टेबल मिळालं की नऊच्या नऊ बॉल उचलणं हे रोजचं काम आहे. पांढरा बॉल रुपयाच्या नाण्यावर थांबवतात ते. म्हणजे अख्ख्या रॅकमध्ये एकच क्षण असा असतो, जेव्हा समोरच्या महान खेळाडूलाही पुढे काय होणार ते ठाऊक नसतं. तो क्षण म्हणजे ब्रेक. बॉल चहूकडे उधळतात, तीन तीन कुशनला आपटून येतात, 9 पॉकेटाच्या तोंडाशी घोटाळतो, पांढरा कधी कुणाला तरी थडकून थेट पॉकेटात जातो. दोन सेकंद खेळाडू, पंच, प्रेक्षक सगळे सारखेच अडाणी. त्या दोन सेकंदांसाठी मी झोप मोडतो. आणि नेमके तेच दोन सेकंद या लोकांनी कापून टाकलेत.

हे जमतं कसं तेही सांगतो, कारण "कौशल्य आहे हो ते" असं मला हमखास ऐकवलं जातं. नऊ बॉल एकमेकांना अगदी घट्ट चिकटलेले असले, मध्ये केसाएवढीही फट नसली, की धक्का कुठून कुठे जाणार हे ठरलेलं असतं. बाजूच्या टोकाचा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटाची वाट धरतो, 1 नंबर मधल्या पॉकेटाकडे निघतो. जोरात मारलं की बॉल परत येऊन एकमेकांवर आदळतात आणि ठरलेलं बिघडतं. हळू मारलं की आदळायला काही उरतच नाही. बॉल फक्त सुटे होतात, बहुतेक टेबलाच्या एकाच अर्ध्या भागात राहतात, गुंता होत नाही, पांढरा आपल्या जागी शहाण्यासारखा उभा. मग काय, वेचायचे फक्त.

आणि ती फट घालवली कोणी? खेळाडूंनी नाही. आधी बॉल घट्ट लावायचं सार्डो टाइट रॅक नावाचं साधन आलं, मग मॅजिक रॅक. हा मॅजिक रॅक म्हणजे भोकं पाडलेला प्लास्टिकचा पातळ कागद. त्यावर बॉल ठेवले की आपोआप एकमेकांना घट्ट भिडून बसतात. लाकडी त्रिकोणाच्या काळात कुठेतरी बारीक फट राहायची, कापडावर खळगे पडलेले असायचे, एखादा बॉल हटकून सुटा राहायचा. त्यावरून भांडणं व्हायची हे खरं. ती मिटवायला हा कागद आणला. भांडणं मिटली, आणि त्यांच्याबरोबर ब्रेकही मिटला. बरं, वेळ तरी वाचला का? नाही! अजूनही खेळाडू रॅकभोवती फेऱ्या मारतो, वाकून फटी शोधतो, बॉल बोटाने दाबतो, आणि आपण पाहायची ती त्याची पाठ. एवढी तयारी करून शेवटी काय, तर टक्.

2001ची यूएस ओपन नाइन-बॉल आठवा. कोरी ड्यूएलने फायनलमध्ये मिका इमोनेनला 11-0 हरवलं. इमोनेन त्याच वर्षीचा विश्वविजेता होता आणि त्याला एक रॅक मिळाला नाही. ड्यूएलचा सॉफ्ट ब्रेक तेव्हापासून गाजतोय. मी ड्यूएलला नावं ठेवणार नाही. त्याने डोकं वापरलं, नियमात राहून वाट शोधली, जिंकला. कोणताही शहाणा खेळाडू तेच करेल. बक्षिसाची रक्कम, विमानाची तिकिटं, हॉटेलं, सगळं त्या रॅकवर असतं त्याचं. माझा राग आहे तो नियम लिहिणाऱ्यांवर. 11-0 बघूनही तेव्हाच कायमचा बंदोबस्त करावा असं त्यांना वाटलं नाही?

नियमात भोक केवढं आहे ते बघा. ब्रेकवर एकही बॉल पडला नाही, तर निदान चार बॉल कुशनला लागले पाहिजेत, नाहीतर ब्रेक अवैध. ठीक. पण एक बॉल पडला की ही अट लागूच होत नाही! म्हणजे बाजूच्या टोकाचा बॉल नक्की पडणार हे माहीत असेल, तर बाकीचे आठ जागेवरून हलले काय, न हलले काय.

मग सुरू झाली ठिगळं. 1 ऐवजी 9 नंबर स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या खुणेवर, ठेवा, म्हणजे अख्खा रॅक साधारण 10 सेंटिमीटर पुढे सरकतो आणि बाजूच्या टोकाच्या बॉलची कोपऱ्याची वाट चुकते. ब्रेक मधल्या आखलेल्या चौकोनातूनच करा, बाजूच्या कुशनवरून नाही. किमान तीन बॉल एकतर पॉकेटात जावेत किंवा ब्रेक करणाऱ्याच्या बाजूच्या हेड स्ट्रिंग नावाच्या रेषेपलीकडे यावेत. एकेक नियम चांगला आहे, मी तिन्हींच्या बाजूने आहे. पण सगळीकडे एकच का नाही? एका स्पर्धेत 1 स्पॉटवर, दुसरीत 9. इथे चौकोन आहे, तिथे नाही. कालच्या मॅचला नव्हता, म्हणून तर तो कुशनला चिकटून बसला होता! नव्या माणसाला खेळ समजावायला घ्या, पहिलं वाक्य असं की "थांब, या स्पर्धेचा नियम वेगळा आहे." त्यात जिंकणाऱ्यानेच पुढचा ब्रेक करायचा असेल तर विचारायलाच नको. दुसरा खेळाडू हजारो मैलांवरून येऊन खुर्चीत बसून राहतो.

"स्नूकरमध्येही पहिला फटका हळूच असतो की," हे आणखी एक. अहो, तिथे तो हळू फटका मारून माणूस टेबल दुसऱ्याच्या हाती देतो! लाल बॉल फारसे न फोडता पांढरा मागे आणायचा आणि समोरच्याला अडचणीत टाकायचं. इथे हळू मारून माणूस टेबल स्वतःकडेच ठेवतो. दोन्ही हळू, एवढंच साम्य.

आपण कॅरमवर वाढलेली माणसं. चाळीच्या गॅलरीत बोर्ड फोडायला बसलेल्या पोराने स्ट्रायकर नुसता ढकलला असता, तर बघणाऱ्यांतून कुणीतरी ओरडलंच असतं, "अरे फोड ना!" व्हाइट स्लॅम मारणारेही, म्हणजे पहिल्याच हातात सगळ्या पांढऱ्या सोंगट्या घेणारेही, आधी फोडतात आणि मग घेतात.

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना आम्ही ज्या पार्लरमध्ये खेळायचो, तिथे तीन टेबलं होती, एकाचं कापड ठिगळ लावलेलं. हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. आमच्यात एक जण असा होता की तो ब्रेकला उभा राहिला की शेजारच्या टेबलावरचे खेळ थांबायचे. चहा हातात तसाच. तो अंगातला सगळा जोर घेऊन पुढे यायचा आणि जो कडाड्‌ आवाज व्हायचा तो जिन्यापर्यंत ऐकू जायचा. अर्ध्या वेळा पांढरा टेबलाबाहेर उडायचा. बहुतेक मॅचेस तोच हरायचा. पण आम्ही बघायचो त्यालाच. पुढे फ्रान्सिस्को बुस्टामांटेचा ब्रेक बघितला, शेन व्हॅन बोनिंगचा बघितला, तेव्हा त्या पार्लरमधली थरथर परत आली. व्हॅन बोनिंगने पाच वेळा यूएस ओपन जिंकली, 2022मध्ये विश्वविजेता झाला. म्हणजे ताकदीने फोडून जिंकता येत नाही असंही नाही. हे लोक रॅक फोडतात तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पुतण्याला काल रात्री यांच्यापैकी कुणी दिसला असता तर!

काल पुढे काय झालं तेही सांगतो. नवव्या रॅकला त्या हळू मारणाऱ्या खेळाडूचा तो ठरलेला बॉल पॉकेटाच्या तोंडाशी अडकला. एकदाचा. दुसरा खेळाडू खुर्चीतून उठला, रॅक घेतला, आणि पुढचा ब्रेक त्याचा. त्याने पांढरा मधोमध ठेवला आणि अंग झोकून मारला. मी सोफ्यावरून उभाच राहिलो. दोन बॉल पडले, 9 पॉकेटाच्या काठावर जाऊन डुलला, पांढरा कुणाला तरी थडकून फिरला आणि मधल्या पॉकेटात गेला. फाउल. समोरच्याने पाच मिनिटांत टेबल साफ केलं. आणि कॉमेंटेटर काय म्हणाला? इतक्या जोरात मारायची गरजच नव्हती.

मग अर्ध्या तासाने त्या दुसऱ्या खेळाडूला पुन्हा ब्रेक मिळाला. त्याने पांढरा उचलला, क्षणभर मधोमध धरला, आणि बाजूच्या कुशनजवळ नेऊन ठेवला. मी टीव्ही बंद केला.