मिशीवर निभावलं

माझी मिशी वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून माझ्यासोबत आहे. बायको नंतर आली, मुलं त्याहून नंतर. एवढ्या वर्षांत तिच्यामुळे कुणाचं काही अडल्याचं ऐकिवात नाही. तिच्यामुळे म्हणजे मिशीमुळे. बायकोबद्दल मी असं लेखी काही देणार नाही.

अडलं ते मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर. फ्लोरिडाहून निघालेली ७ दिवसांची कॅरिबियन क्रूझ, बरोबर बायको, दोन मुलं आणि आई. पहिले काही दिवस आम्ही जहाजावर एकच काम केलं, ते म्हणजे बुफे बंद होण्याआधी पोहोचणं. मग एका सकाळी खिडकीबाहेर मेक्सिकोचा धक्का आला आणि माझ्या लेकीने ऑम्लेटच्या रांगेतच जाहीर केलं की आपण जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रवाळरांगेपाशी आलोय, सुमारे १००० किलोमीटर लांब, पहिली ऑस्ट्रेलियाची. "आणि बाबा, आपण ती वरून बघणार नाहीये. पाण्यात तोंड घालून बघणार आहोत."

मला पोहता येतं. म्हणजे कॉलेजात असताना यायचं. तलावाच्या एका कडेने निघालो की दुसऱ्या कडेला लागायचो, मधल्या भागाबद्दल फारसं कुणी विचारत नसे.

स्नॉर्कलिंगची सहल जहाजाकडूनही मिळत होती. पण तीच बोट, तोच समुद्र आणि बहुधा तेच मासे बाहेर निम्म्या पैशात मिळत असताना जहाजाला पैसे देणं माझ्या रक्तात नाही. त्या स्वस्त सहलीखाली बारीक अक्षरात एक गोष्ट होती. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, बाहेरून केलेल्या सहलीसाठी थांबत नाही. हे मी वाचलं होतं. पण अशी वाक्यं दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलेली असतात, अशी माझी समजूत.

बोटीवर चढताक्षणी गाइडने पहिला नियम सांगितला, अंगाला काहीही फासायचं नाही. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळांना बाधतात आणि इथला समुद्र १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. हिने तोवर मुलांना पांढरंफेक रंगवून ठेवलेलं होतं. धक्क्यावरच्या नळाखाली त्यांना खरवडून काढण्यात पंधरा मिनिटं गेली. मग गाइडने कार्यक्रम सांगितला. आधी पालांकार, तिथे प्रवाळ. मग एल सिएलो, तिथे तारामासे. सिएलो म्हणजे आकाश आणि सिएलो म्हणजेच स्वर्ग.

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

"आधी पोवळ्यांकडे नेतो म्हणतोय. मग स्वर्गात."

"स्वर्गात तुम्ही या जाऊन," आई म्हणाली. "मी बसलेय इथे चपला सांभाळत."

पालांकारला बोट थांबली आणि प्रत्येकाच्या हातात एक मास्क आला. गाइडने आपला मास्क डोळ्यांसमोर धरला, आतून व्यवस्थित थुंकला, बोटाने थुंकी काचभर पसरवली आणि समुद्रात विसळून तोंडावर चढवला. असं केलं की काचेवर वाफ धरत नाही म्हणे. माझ्या घरात एकमेकांच्या पेल्यातलं पाणी पीत नाहीत. हिने हातातल्या मास्ककडे पाहिलं, आणि आजवर त्यात किती देशांचे नागरिक थुंकले असतील याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर मला आकडेवार दिसला. चिरंजीव मात्र कृतकृत्य झाले होते. वय वर्षं नऊ, आणि आईबापांदेखत थुंकण्याची परवानगी! त्याने स्वतःचा मास्क केला, बहिणीचा केला आणि माझा करायला निघाला.

मग खुणांचा पाठ झाला. पाण्यात असताना अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला तर 'मी ठीक आहे'. अंगठा वर केला तर 'मस्त' नाही, 'मला वर जायचंय'. हे नीट ऐका, असं गाइडने दोनदा बजावलं. तेव्हा मी फिन्समध्ये, म्हणजे पोहायच्या लांबलचक रबरी पंजांमध्ये, पाय घालत होतो. फिन्स घातलेल्या माणसाला सरळ चालता येत नाही, उलटं चालावं लागतं. एक पाय दुसऱ्याच्या फिनवर ठेवला की तो दुसरा पाय उचलत नाही, आणि उचलत का नाही हे कळेपर्यंत माणूस कुणाच्या तरी मांडीवर बसलेला असतो. मी एका कॅनेडियन आजोबांच्या बसलो.

पाण्यात उतरलो. लाइफ जॅकेट होतं, त्यामुळे बुडण्याची चिंता नव्हती. तोंड पाण्यात घातलं आणि दोन श्वासांत मास्कमध्ये समुद्र भरला. वर आलो, ओतलं, पट्टा आवळला, पुन्हा तोंड घातलं. पुन्हा समुद्र. तिसऱ्या खेपेला पट्टा इतका आवळला की कपाळावर मास्कची चौकट उमटली. ती त्या संध्याकाळपर्यंत होती.

गाइड पोहत जवळ आला. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून बघतात तसा त्याने माझा चेहरा बघितला आणि निदान केलं, "बिगोते."

बिगोते म्हणजे स्पॅनिशमध्ये मिशी. मास्कची सिलिकॉनची कड चामडीला चिकटली तरच पाणी अडतं. मध्ये केस आले की प्रत्येक केसागणिक एक पन्हळ तयार होते. माझ्या मिशीच्या घनतेचा विचार करता ती पन्हळ नव्हती, कालवा होता.

यावर दोन उपाय असतात. पहिला म्हणजे मिशीला व्हॅसलीन चोपडायचं. आईने बोटीवरून हे ऐकलं मात्र, पिशवीतून टाचांच्या भेगांसाठी आणलेली डबी काढून दाखवली. पण गाइडने मान हलवली. अंगाला काही फासायचं नाही म्हणजे मिशीलाही नाही. "आयुष्यभर मिशीला तूप लावून हिंडलात," ही शेजारून म्हणाली, "आणि लावायची खरी वेळ आली तर लावता येत नाही!" तोंडात स्नॉर्कलची नळी असूनही तिचा शब्दन्‌ शब्द स्पष्ट ऐकू आला, हे मला आजही कोडं आहे.

दुसरा उपाय म्हणजे नाकाखाली बोटभर पट्टी भादरायची, खालची मिशी तशीच ठेवायची. पुष्कळ जण करतात, गाइड म्हणाला. बोटीवर रेझर होता. मुलांनी तिथल्या तिथे मतदान घेतलं आणि ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. मी पाण्यात तरंगत असल्यामुळे बाणेदारपणा दाखवायला पायाखाली काही नव्हतं, तरी निक्षून नाही म्हणालो.

"मग निदान हसू नका," गाइड म्हणाला. हसलं की गालांना वळ्या पडतात आणि तिथूनही पाणी शिरतं. म्हणजे मिशीतल्या मिशीत हसण्यावरसुद्धा बंदी आली. पाणी भरलंच तर मास्कची वरची कड दाबून नाकाने जोरात हवा सोडायची, की पाणी खालून निघून जातं. तेवढं शिकवून तो पुढे गेला.

कोझुमेलला पोहावं लागत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. प्रवाहच तुम्हाला घेऊन जातो आणि बोट पुढे जाऊन उचलते. हातपाय न हलवता पुढे सरकत राहणं आणि मध्येच कुणी बघितलं तर हालचाल दाखवणं, हे तंत्र वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला नवीन नव्हतं.

आणि मग, तिसऱ्या की चौथ्या डुबकीला, मास्कमध्ये पाणी नाकपुड्यांखालीच असताना, मला दिसलं. तेवढ्यापुरतं मी सगळं विसरलो. खाली मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोल प्रवाळ, त्यांच्यामधून जांभळे पंखे प्रवाहाबरोबर सगळे एका बाजूला कलत होते आणि सगळे परत येत होते. पिवळ्या पाठीवर उभे काळे पट्टे असलेल्या माशांचा एक घोळका माझ्यासमोर येऊन थांबला. या माशाचं नाव सार्जंट मेजर. माझी मिशी बघून त्यांनी मला वरिष्ठ मानलं असावं, कारण बराच वेळ हलले नाहीत.

तेवढ्यात कुर्रम कुर्रम असा आवाज यायला लागला. आधी वाटलं, भीतीने मीच माउथपीस चावतोय. दात थांबवले. आवाज चालूच. मग खाली हातभर लांबीचा एक निळा-हिरवा मासा दिसला, तोंडाला पोपटासारखी चोच. खडकाला चोच भिडवायचा, खरवडायचा, की कुर्रम. आमच्याकडे आई चकली खाते तसा अगदी मनापासून. खडकावर त्याच्या दातांचे पांढरे ओरखडे उठत होते. जरा वेळाने तो वळला, माझ्या बाजूला पाठ केली, आणि त्याच्या मागून पांढऱ्या भुकटीचा एक ढग निघाला. उन्हाच्या तिरिपीत तो ढग हळूहळू, चकाकत, खाली बसत गेला. इतकं सुंदर काही मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. गाइड बघत होता. मी उत्साहाने अंगठा वर केला.

त्याने मला जॅकेटला धरून ओढत बोटीच्या शिडीशी नेलं. मी समजावलं, परत आलो, आता काळजी नको म्हणून त्याला अंगठा दाखवला. त्याने परत शिडीशी नेलं. तिसऱ्या खेपेला त्याने मला वरच चढवलं. आई चपलांशेजारी बसून नावाड्याने दिलेल्या चिप्स खात होती. "लवकर आलास," ती म्हणाली. मी नाकातून पाणी काढत होतो, त्यामुळे उत्तर दिलं नाही.

स्वर्ग कमरेएवढ्या पाण्यात निघाला. एल सिएलोला तळाशी पिठासारखी पांढरी वाळू आणि तिच्यावर पोळीएवढे केशरी तारामासे, जागोजाग, नुसते पडलेले. त्यांना पाण्याबाहेर काढायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही, कारण बाहेर त्यांना श्वास घेता येत नाही. ही अडचण मी आज समजू शकत होतो. इथे मास्कची गरज नव्हती. पुरुषासारखा दोन पायांवर उभा राहिलो, मिशीवर ताव मारला आणि हिला म्हटलं, "काढ फोटो." बाजूने एक मोठी बोट गेली. फोटोत डाव्या कोपऱ्यात माझे दोन तळवे आले आहेत. बाकीचा मी त्या वेळी तळाची वाळू अगदी जवळून बघत होतो. त्यातली बरीचशी मिशीत आली.

धक्क्याजवळ उतरल्यावर नारळपाण्याच्या पाटीवर '$२००' वाचून मी त्या विक्रेत्याला नैतिकतेवर चार शब्द सुनावले. तो शांतपणे ऐकून घेत राहिला. मेक्सिकोच्या पेसोची खूणही डॉलरचीच असते, हे लेकीने मला बाजूला नेऊन सांगितलं. मग दहा-अकरा डॉलर तरी एका नारळाला का, यावर मी नव्याने सुरुवात केली. अजून भरपूर वेळ होता. जहाजावर साडेचारच्या आत परतायचं होतं, आणि माझ्या फोनमध्ये ३:२० झाले होते.

"बाबा, ४:२० झालेत," चिरंजीव आपल्या प्लास्टिकच्या घड्याळाकडे बघत म्हणाले.

उन्हाळ्यात फ्लोरिडाचं घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं आणि आमचं जहाज तीच वेळ पाळत होतं. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथे मात्र २०१५ पासून वर्षभर एकच वेळ असते. फोन बेटाचं ऐकत होता. मुलगा कप्तानाचं.

धक्का किती लांब असतो हे सकाळी उतरताना लक्षात येत नाही. आम्ही पळालो. ओले टॉवेल, पाच जणांच्या पिशव्या, मागे आई. जहाजाच्या बाल्कन्यांमध्ये लोक पेले घेऊन उभेच होते. अशी उशिरा धावत येणारी माणसं बघणं हा तिथला एक करमणुकीचा कार्यक्रम असतो, हे मला माहीत होतं. काल मीही पाहिला होता, टाळ्याही वाजवल्या होत्या. पंधरा मजली जहाज, भोंगा वाजतोय आणि आई चालता चालता एसटीला दाखवतात तसा त्याला हात दाखवत होती. थांबलं. मला वाटतं अजून दोन मिनिटं होती, पण आईच्या मते तिच्या हाताने थांबलं.

संध्याकाळी कोट-टाय घालून जेवायला बसलो. मिशी दोनदा शॅम्पूने धुतली होती. चौकटीचा वळ सोडला तर मी बऱ्यापैकी माणसात आलो होतो. सूप आलं. मी त्या माशाबद्दल सांगायला लागलो, तो आवाज, ती चोच, तो चकाकणारा पांढरा ढग.

"पोपटमासा तो," लेक म्हणाली. "गाइडने सांगितलं मला. तो खडकावरचं शेवाळ खातो, त्याबरोबर प्रवाळाचा चुराही पोटात जातो. मग तो बाहेर टाकतो. एखादा मोठा मासा वर्षाला शेकडो किलो टाकतो. इथल्या पांढऱ्या वाळूतली कितीतरी तीच असते, बाबा."

टेबलावर शांतता पसरली. तेवढ्यात जहाजाचा फोटोग्राफर आला. मी ताठ बसलो आणि सवयीने मिशीला पीळ दिला. तीन-चार पांढरे कण सुपात पडले.

"मीठ का रे?" आईने विचारलं.

हिने काही उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बघत फक्त अंगठा वर केला. या वेळी मला खूण बरोबर कळली. आमची खोली चार मजले वर होती आणि रेझर तिथे होता.