'दोन तासांत तयारी, रविवारी रंग': हा निरोप पत्रा खाणारा आहे

आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक निरोप तीनदा फिरला. थोडक्यात म्हणणं असं: डेंटिंग-पेंटिंगवाले उगाच पैसे घेतात, गाडी घरीच रंगवा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) सगळी गाडी घासा, गंजावर जाड पुट्टी भरा, पेट्रोलने पुसा, प्रायमर मारला की पाण्याची भीती नाही, रंग सवडीने मारा. तयारीला दोन तास पुरे.

घरी रंगवू नका, असं मी म्हणणार नाही. माझ्या जुन्या मारुती ८००चे दोन्ही दरवाजे मी स्वतः तयार केलेत. म्हणूनच हा निरोप वाचून राहवलं नाही.

'गंजावर जाड पुट्टी भरा.' सगळ्यात घातक सल्ला हाच. माझ्या गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दरवाज्याला आधी एका गॅरेजमध्ये असंच काम झालं होतं. दिवाळीत दरवाजा आरशासारखा दिसत होता, पुढच्या गणपतीपर्यंत फुगे आले. नखाने खरवडलं तर पुट्टीची पापडीच हातात आली आणि खाली तपकिरी भुगा.

असं होतं, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि वरचं सगळं उचलून धरतो. पुट्टी सच्छिद्र असते, ती पाणी अडवत नाही, शोषून घेते. त्यात आपण खाडीकाठी राहतो. खाऱ्या हवेतलं मीठ गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं असतं, ते ओल धरून ठेवतं.

फुग्याच्या कडेपासून दोन बोटं पुढेपर्यंत जुना रंग काढा, कारण गंज रंगाखालून सरकत गेलेला असतो. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि पेचकसाने टोचून पाहा. टोक आत गेलं, तर तिथे पुट्टीचं काम नाही. तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायला टिंकरकडेच, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याकडेच, जावं लागेल. खड्ड्यांत काळे ठिपके उरले असतील तर फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक लावता येतं. मात्र त्याचा अंश मागे राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर (हार्डनर मिसळून मारायचा, पाणी अडवणारा प्रायमर) नीट धरत नाही, म्हणून डब्यावर लिहिलंय तसंच धुवा आणि पूर्ण वाळवा. शिवाय दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. माझ्या दरवाज्यातली चिखलाने बुजली होती. गंज आतून येत होता आणि मलमपट्टी बाहेरून चालली होती.

पुट्टीत हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारं रसायन, साधारण शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर नंतर रंगावर डाग उमटतात. आणि ती कोरडीच घासा, पाणी लावून घासायचा पेपर तिथे नको.

'८० नंबरने सगळी गाडी घासा.' ८० नंबर पुट्टीला आकार द्यायला. रंगावर फिरवलात तर खोल ओरखडे पडतात. प्रायमर त्यांत भरतो, काही आठवड्यांनी आकसतो, आणि उन्हात प्रत्येक रेघ दिसू लागते. जुन्या रंगाच्या कडा १८० आणि मग ३२० ने उतरत्या करा, बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. सरफेसरवर, म्हणजे रंगाआधी बारीक ओरखडे भरणाऱ्या प्रायमरच्या थरावर, ६००, मेटॅलिक रंग असेल तर ८००. पण पेपर हातात घेण्याआधी शाम्पूने धुऊन मेण आणि सिलिकॉन पॉलिश काढा. नाहीतर तेच पेपरने ओरखड्यांत दाबलं जातं आणि रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात.

'पेट्रोलने पुसा.' कृपा करून नको. पेट्रोलमधल्या घटकांचा तेलकट थर मागे राहतो, हे एक. दुसरं, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. आपल्या इमारतींखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मीटरची खोली असते, दहा स्कूटर उभ्या असतात, मुलं खेळत असतात. ग्रीस काढायचं द्रावण रंगाच्या दुकानात मिळतं. एका कापडाने लावा आणि उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या. तेही उघड्यावर.

'प्रायमर मारला की पाण्याची भीती नाही.' डब्यातला साधा प्रायमर-सरफेसर ओल आत घेतो. प्रायमरमधली गाडी पावसात उभी राहिली की खाली गंज सुरू. पाणी बऱ्यापैकी अडवतो तो इपॉक्सी. म्हणून जून ते सप्टेंबर पत्रा उघडा करूच नका. दिवाळीनंतर सकाळचं दव उडून गेल्यावर, दहा-अकराला सुरू करा आणि ऊन उतरायच्या आत हात आवरा.

'दोन तास पुरे.' माझ्या दोन दरवाज्यांना चार रविवार लागले.

एक गोष्ट त्या निरोपात नाहीच. हार्डनर मिसळून मारायच्या टूके रंगात आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि कापडी मास्कने ते अडत नाही. तो थर मी घरी मारला नाही. घासून, मास्किंग करून (रंग नको तिथे कागद-टेप लावून) गाडी अशा पेंटरकडे नेली, जो बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा वापरतो. त्याने फक्त रंगाचे पैसे घेतले.